एका खिळ्यावरचे फर्मे

१

कधी कुणी तुमच्या पायाचं माप कागदाच्या पट्टीनं घेतलंय का? टेपनं नव्हे. साध्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पंज्याभोवती गुंडाळायची आणि टोक जिथं टेकेल तिथं नखानं बारीकशी चीर द्यायची. तशीच एक चीर टाचेची, एक घोट्याची, एक लांबीची. एका पट्टीत अख्खा पाय येतो. आमच्या घरात माप असंच घेतात. घेतलेल्या पट्ट्या आम्ही टाकत नाही, पाकिटात ठेवतो. हे आधी सांगून ठेवते, कारण त्या पट्ट्या नसत्या तर मला काही कळलंच नसतं.

आमचं बूट बनवायचं काम. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत कारखाना आणि मागे आमचं राहतं घर. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांब मेज, दोन ठेंगणी स्टुलं, सरस गरम करायची लोखंडी शेगडी आणि छतापासून टांगलेली कातडी. समोरच्या अख्ख्या भिंतीवर फर्मे. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचं कोरलेलं लाकूड. त्याच्यावर ओलं कातडं ताणून बसवायचं, खिळे मारायचे, वाळू द्यायचं, म्हणजे बुटाला पायाचा आकार येतो. कायमच्या गिऱ्हाइकांचे फर्मे मेणाच्या दोऱ्यानं जोडी बांधून आपापल्या खिळ्याला लटकलेले असतात. नवा माणूस ती भिंत बघून बिचकतो. आमचा पोस्टमन मात्र रोज मान वर करून आपल्या खिळ्याकडे बघतो आणि म्हणतो, "माझे खरे पाय इथं आराम करतायत, वहिनी. मी आपला उसन्या पायांवर हिंडतोय."

माणसाचा पाय बदलत जातो. कुणाचं हाड वाढतं, कुणाला सूज येते. त्यासाठी दर वेळी नवा फर्मा कोरत नाहीत. जिथं पाय वाढला तिथं फर्म्यावर कातड्याचं ठिगळ सरसानं चिकटवायचं आणि रापीनं, म्हणजे आमच्या रुंद पात्याच्या सुरीनं, त्याच्या कडा तासून इतक्या पातळ करायच्या की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. मुलांच्या फर्म्यांवर तर दरवर्षी एक थर चढतो. फर्मा मुलाबरोबर वाढतो.

आणि माणूस गेलं की त्याचे फर्मे शेगडीत घालायचे. हा माझ्या सासऱ्यांचा नियम. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना विचारलं होतं, का म्हणून. ते म्हणाले, "जागा अडते, सूनबाई. भिंत एकच आहे."

माझी मोठी मुलगी सहाव्या वर्षी तापानं गेली. पाच दिवसांत. तिला नाडीचे बूट हवे होते, मोठ्या मुलींसारखे. सासरे तिला चिडवायचे, "पाय एवढा होऊ दे, मग नाडी." म्हणून माप घेताना ती पायाची बोटं फाकवून उभी राहायची. पंजा रुंद दिसावा, माप जास्त यावं. शेवटी आमच्या यांनी तिला नाडीचे बूट करून दिले. नाडी बांधायची रीत तिची तिनंच शोधली. दोन कान करायचे, त्यांची गाठ मारायची आणि उरलेली टोकं बुटाच्या आत कोंबून वरून थोपटायचं. म्हणायची, "झोपली." ते बूट तिनं अकरा दिवस घातले.

तिचे फर्मे शेगडीत घालायला सासऱ्यांनी माझ्याकडे दिले. मी शेगडीचं झाकण उघडलं, आवाज होईल असं बंद केलं आणि फर्मे माझ्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवले. पुढच्या वर्षी धाकटी झाली. ती चालायला लागली, तिचे फर्मे कोरले, भिंतीवर लागले. तेव्हा मी मोठीचे फर्मे काढले आणि धाकटीच्या फर्म्यांमागे, त्याच खिळ्याला अडकवले. दोघी बहिणी एकत्र असाव्यात, एवढंच माझ्या मनात होतं.

२

धाकटी दहा वर्षांची झाली. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी नेहमीसारखं तिला कागदावर उभं केलं.

"नीट उभी राहा."

"उभीच आहे."

"दोन्ही पायांवर वजन टाक."

"आई, गुदगुल्या होतात गं! लवकर कर."

पट्टी घेतली, पाकिटातली गेल्या वर्षीची काढली आणि दोन्ही एकावर एक ठेवल्या. यंदाची चीर अलीकडे होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याइतकी.

मी यांना दाखवलं. हे चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "तुझं नख वाकडं वाढलंय."

"नख माझं आहे, पाय तिचा आहे. वर्षभरात पाय लहान कसा होईल?"

"तेच म्हणतोय मी. होत नाही. म्हणून नख."

मी पुन्हा माप घेतलं. तांदळाचा दाणा तिथंच.

मग मी खिळ्यावरून तिचा फर्मा काढला, म्हटलं त्याच्याशी ताडून बघू. फर्म्याच्या चवड्यावर गेल्या वर्षी चढवलेलं ठिगळ नव्हतं. ते मी स्वतः तासलं होतं, म्हणून मला पक्कं आठवत होतं. तांबूस कातडं होतं आणि त्याच्यावर एक पांढरी रेघ होती, जनावराच्या अंगावरचा जुना ओरखडा असतो तशी. बुटाला ते कातडं चाललं नसतं, म्हणून ठिगळाला वापरलं. आता तिथं नुसता सरसाचा वाळका थर होता. फाटलेलं नव्हतं, पडलेलं नव्हतं. कुणीतरी सरसाच्या रेषेतून अलगद सोडवून घेतलं होतं.

मी खाली वाकून फरशीवर शोधलं. मेजाखाली पाहिलं. शेवटी मागचा फर्मा हातात घेतला, मोठीचा.

पांढरी रेघ तिच्या चवड्यावर होती.

३

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, मला भरून आलं. मला वाटलं, हे यांचं काम. मोठी गेल्यावर हे एकदाही रडले नव्हते. तेरा दिवसांच्या आत मेजावर येऊन बसले होते. मी लपवलेले फर्मे यांना कधीतरी सापडले असतील आणि दरवर्षी हे गुपचूप तिच्या फर्म्यावर एकेक थर चढवत असतील, असं मला वाटलं. मोठीच्या फर्म्यावर तो एकच थर नव्हता. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं, थरावर थर होते. सहा वर्षांच्या मुलीचा पाय आठ-साडेआठ वर्षांच्या मुलीएवढा झाला होता. सगळ्या कडा इतक्या सुरेख तासलेल्या की सांधा डोळ्यांना दिसत होता, बोटाला लागत नव्हता.

बापानं असं केलं तर त्याला काय बोलायचं? फक्त धाकटीच्या फर्म्यावरचं ठिगळ काढायला नको होतं, एवढं मला टोचलं.

मी आठ दिवस गप्प राहिले. धाकटीचे नवे बूट गेल्या वर्षीच्याच मापानं केले. दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसून शिवत होतो. हे आरीनं भोकं पाडत होते, मी दोन सुयांनी दोरा ओढत होते. एकाएकी हे मान खाली घालूनच म्हणाले, "तू करतेस ते मला माहीत आहे. मला राग नाही."

"काय करते मी?"

"मोठीच्या फर्म्याचं. ठिगळं चढवतेस ते. चार-पाच वर्षं बघतोय मी. म्हटलं, आईचा जीव आहे, करू दे."

माझ्या हातातला दोरा तसाच ताणलेला राहिला.

"अहो, मला वाटलं तुम्ही."

हे हसले. म्हणजे हसण्यासारखा आवाज काढला आणि आरी मेजावर ठेवली. मग आम्ही दोघांनीही एकदमच मागच्या दाराकडे पाहिलं. तिथं खुर्चीत सासरे बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि बोटं इतकी थरथरायची की चहाची बशी मी धरायचे. दोन वर्षांत त्यांनी रापी हातात घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी यांनी ते पांढऱ्या रेघेचं ठिगळ मोठीच्या फर्म्यावरून सोडवलं, धाकटीच्या फर्म्यावर लावलं, कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला अडकवावी तशी दोऱ्यानं गळ्यात घातली. "आता बघू, कोण दिवटा येतो," म्हणाले.

सकाळी कुलूप आम्ही दोघांनी मिळून उघडलं. ठिगळ परत मोठीच्या चवड्यावर होतं. मी बोट लावलं. सरस अजून चिकटत होता.

शेगडी गार पडलेली होती. आणि सरस गरम केल्याशिवाय पातळ होत नाही.

४

नवे बूट धाकटीला सैल झाले. चालताना टाच वर उचलायची आणि फटक फटक वाजायची. मी पुढे कापूस घातला, आत दुहेरी तळ घातला.

"आई, या बुटात अजून एक पाय मावेल," ती म्हणाली. तिला गंमत वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या जिन्यावरून पडली. बाईंनी चिठ्ठी पाठवली, बूट मापाचे घालून पाठवत जा. बूट बनवणाऱ्याच्या घरी अशी चिठ्ठी यावी! यांनी ती चिठ्ठी वाचली. धाकटीला त्यांनी दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथं आम्ही दरवर्षी तिच्या उंचीची रेघ ओढतो. तिचं डोकं गेल्या वर्षीच्या रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

डॉक्टरांनी तिला तपासलं, गुडघे वाकवले, डोळे पाहिले. म्हणाले, "छान आहे की पोर! मुलं लहान होत नसतात, ताई. तुमची रेघ चुकली असेल."

"आणि पायाचं माप?"

"तेही चुकलं असेल."

माझं चुकलं असेल तर देवाची कृपाच म्हणायची. मी घरी येऊन तिच्या सगळ्या वर्षांच्या पट्ट्या मेजावर ओळीनं लावल्या. त्या आठवड्यातली पट्टी तिच्या आठव्या वर्षीच्या पट्टीशी जुळली. मला एवढंच सुचत होतं की आठनंतर सात येतात, सातनंतर सहा. पुढचं मला मोजवेना.

मी सासऱ्यांच्या खुर्चीपाशी जाऊन बसले. "बाबा, मोठीचे फर्मे मी जाळले नाहीत."

त्यांनी खुर्चीचा हात चाचपून धरला.

"कुठं ठेवलेस?"

"धाकटीच्या खिळ्यावर."

"एकाच खिळ्यावर?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. दिसत नसताना माणूस बघतो तसं बघितलं. "अगं पोरी, काय केलंस हे."

"तुम्ही म्हणाला होतात जागा अडते. मला वाटलं, एका खिळ्यावर ठेवले तर जागाही अडणार नाही."

"तुला बरं वाटावं म्हणून जागेचं सांगितलं."

"मग खरं कारण काय आहे?"

"मला कुठं माहीत? माझ्या वडिलांनीही मला जागेचंच सांगितलं होतं."

५

दुसऱ्या दिवशी हे सासऱ्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "मी आलो की करतो. तू हात लावू नको." मी हो म्हटलं. पण लपवले मी होते. दुसऱ्याच्या हातानं ते व्हायला नको, असं मला वाटलं. आणि धाकटी शाळेतून यायच्या आत व्हायला हवं होतं.

भर दुपार होती. खिडकीतून मेजावर ऊन पडलं होतं. शेगडी पेटवली, लाकडाच्या ढलप्या टाकल्या. दोन्ही जोड्या खाली घेतल्या. मोठीची उजवीकडे ठेवली, धाकटीची डावीकडे. जाळण्याआधी धाकटीची ठिगळं मोठीच्या फर्म्यांवरून सोडवायची आणि जिथली तिथं लावायची, असं मी ठरवलं होतं. तिचं तिला परत मिळावं. म्हणून दोन्ही जोड्यांचे दोरे कापले आणि चारही फर्मे सुटे केले.

रापी सांध्यात घालायला गेले तर सांधा सापडेना. कालपर्यंत डोळ्यांना दिसत होता. आता कातडं आणि लाकूड यांत फरकच नव्हता, एकच गुळगुळीत पाय होता. मी मोठीचा उजवा आणि धाकटीचा उजवा एकाच पट्टीनं मोजले. तंतोतंत. केसाचंही अंतर नाही. मग डावे मोजून पाहिले. तेही तसेच. मोठीचा फर्मा मात्र कोमट लागत होता, कुणीतरी नुकताच बूट काढल्यावर तळवा लागतो तसा. मी स्वतःला म्हटलं, ऊन पडलंय मेजावर.

प्रत्येक फर्म्याच्या टाचेला कानशीनं खूण केलेली असते. मोठीची एक खाच, धाकटीच्या दोन. खूण बघून मगच टाकायचे, हे मला माहीत होतं. वीस वर्षं हे काम करतेय मी. मी फर्मा उलटा करायला घेतला.

तेव्हा मागे कातडं करकरलं.

टांगलेली कातडी वाऱ्यानं हलतात तेव्हा घासल्याचा आवाज येतो. हा आवाज वेगळा होता. नवे बूट घालून कुणी एका जागी उभं असेल आणि वजन या पायावरून त्या पायावर टाकत असेल, तर असा आवाज होतो. मला तो झोपेतही ओळखता येईल.

मी मान वळवली. कातडी फरशीपासून वीतभर वर संपतात. त्यांच्याखाली दोन पाय उभे होते. अनवाणी. धुळीनं माखलेले नव्हते, काही नव्हते, साधे लहान मुलीचे पाय होते. आठ वर्षांच्या मुलीचे. माप घ्यायला उभं केल्यासारखे ते जवळजवळ होते आणि फक्त बोटं फाकवलेली होती.

माझ्या तोंडून "बाळ" असं निघालं. ते कुणाला उद्देशून निघालं, हे मला आजही सांगता येत नाही. मेजावरून हाताला आले ते दोन फर्मे मी उचलले, एक डावा आणि एक उजवा, एवढंच पाहिलं, आणि शेगडीत टाकून झाकण लावलं.

कातड्याचा जळका वास सुटला. झाकण दोनदा आतून वाजलं. ओलसर लाकूड तापलं की तडकतं, तसंच असेल ते. मी पुन्हा मागे पाहिलं तेव्हा कातड्यांखाली नुसती फरशी होती.

मी स्टुलावर बसले. हात धुतले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. धाकटीचे उरलेले फर्मे दोऱ्यात बांधून खिळ्याला लावावेत म्हणून हातात घेतले. डाव्याच्या टाचेला दोन खाचा होत्या.

उजव्याच्या टाचेला एक.

चिमटा घेऊन शेगडी उघडली. आत दोन लाल निखारे होते, पायांच्या आकाराचे. चिमटा लावताच ते बसले.

संध्याकाळी हे आले. वास घेऊन म्हणाले, "केलंस?"

"केलं," मी म्हटलं.

"बरं झालं." यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. असा हात यांनी दहा वर्षांत फिरवला नव्हता. धाकटी मेजापाशी बसून पाढे लिहीत होती, पाय हलवत होती. मी तिच्या पायांकडे पाहिलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उंबऱ्यावर बसून बूट घालत होती. मी तिचा डबा घेऊन मागे उभी होते. बुटांमधला कापूस तिनं काढून बाजूला ठेवला होता, कारण बूट तिला बरोबर बसत होते. डाव्या बुटाची नाडी तिनं नेहमीसारखी एक कान करून बांधली आणि टोकं लोंबत सोडली. मग उजव्या बुटाच्या नाडीचे दोन कान केले, त्यांची गाठ मारली, उरलेली टोकं बुटाच्या आत कोंबली आणि वरून हलकेच थोपटलं. "झोपली," म्हणाली. माझ्या हातातून डबा घेतला आणि शाळेत गेली.